चार बोटांची जागा

ताईचा फोन आला तेव्हा फिटर एका टेम्पोखाली उताणा पडून नट सोडवत होता. "ट्रेलर घेऊन जा," ती म्हणाली. "ओळखीत कुणाला हवा असेल तर देऊन टाक. गाडीचा मागचा हूकही काढ. रोपांचं काम मी बंद करतेय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

नट अर्धवट सोडून फिटर टेम्पोखालीच पडून राहिला. राहणारच! कारण ज्या चुकीपायी सख्खी बहीण काम बंद करत होती, ती चूक तिची नव्हतीच. ती याची होती, आणि हे फक्त यालाच ठाऊक होतं. तीन महिने हा पठ्ठ्या मूग गिळून बसला होता.

झालं होतं असं. भावोजींकडे गाडी एकच आणि तीही स्पोर्ट्स कार. दोन सीटांची, लाल, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली. ताई घरामागे कलमं वाढवून दर शनिवारी बाजारात न्यायला लागली, तेव्हा टेम्पो घ्यायचं निघालं. पण लाल गाडी विकायचं नाव काढलं की भावोजी दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. शेवटी तोडगा निघाला की गाडीमागे छोटा ट्रेलर लावायचा. शेजारीपाजारी पोट धरधरून हसले. फिटर मात्र छाती फुगवून म्हणाला, "भावोजी, काळजीच सोडा. मागच्या स्प्रिंगा जाड टाकतो, शॉकअप कडक टाकतो. मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळणारसुद्धा नाही."

गाडी शुक्रवारी द्यायची होती. दुपारी खोकं उघडलं तर स्प्रिंगा भलत्याच मॉडेलच्या! काही केल्या बसेनात. बरोबर मापाच्या यायला आठ दिवस लागणार होते. अरे, मग सरळ सांगायचं ना की थांबा आठ दिवस! पण भावोजी चावीसाठी हात पुढे करून दारात उभे, ताईचा उद्या बाजार, आणि याच्या फुशारक्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचलेल्या. त्यानं शॉकअप नवे लावले, जुन्याच स्प्रिंगा पुन्हा चढवल्या आणि "झालं काम" म्हणून चावी दिली. आठवडाभर निभेल, मग गुपचूप बदलून टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

त्यातही गप्प राहिला असता तरी बरं. पण ताईनं विचारलं, "वजन नीट भरलंय हे मला कसं कळणार रे?" आणि याच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीनं गॅरेजातलं माप निघून गेलं. "सोप्पंय. ट्रेलर जोडल्यावर मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये हात घाल. चार बोटं बसली पाहिजेत. नाही बसली तर हुकावर भार जास्त पडलाय. सामान ट्रेलरमध्ये मागे सरकव, गाडी आपोआप वर येईल."

हे माप जाड स्प्रिंगांचं होतं. जुन्या स्प्रिंगा तेवढ्या वजनाला खाली बसणारच. सकाळी ताईनं कुंड्या भरल्या, हात घातला, तर दोनच बोटं गेली. तिनं कुंड्या मागे सरकवल्या. तीन गेली. पुन्हा सरकवल्या. चार बसली तोवर सगळं ओझं ट्रेलरच्या पार शेवटाला गेलं होतं. मागे जड झालेला ट्रेलर वेगात झुलायला लागतो, हे कुठलाही फिटर झोपेतसुद्धा सांगेल. उतारावर तो झुलला आणि गाडीला फरपटत घेऊन खड्ड्यात गेला. भावोजींच्या खांद्याचं हाड मोडलं. ताईला खरचटलं तेवढंच, पण तीन वर्षं पोरांसारखी वाढवलेली साठ कलमं रस्त्यावर चेचली गेली.

इथवर त्याला चूक म्हणू. पुढं यानं केलं ते मात्र चूक नव्हे. गाडी ओढून आणली ती याच्याच गॅरेजात. सात दिवसांनी बरोबर मापाच्या स्प्रिंगा आल्या आणि यानं शटर अर्धं ओढून त्या बसवून टाकल्या. पुढं हात गळ्यात बांधलेले भावोजी ताईला घेऊन आले आणि म्हणाले, "तेवढंच वजन भरून दाखव." यानं ट्रेलरच्या मधोमध वजन ठेवलं. चार बोटं झकास बसली.

भावोजी बायकोकडे वळले. "बघ! गाडी ठणठणीत आहे. साधी चार बोटं मोजता आली नाहीत तुला?"

ताईची मान खाली गेली. आणि हा शहाणा पाना पुसत उभा राहिला. आधीच स्वच्छ असलेला पाना!

आता तो ताईच्या घरामागे गाडीखाली शिरला होता. हुकाचे बोल्ट निघत नव्हते, की यालाच काढायचे नव्हते, कोण जाणे. अर्ध्या वाफ्यांत नुसती कोरडी माती होती. ताई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि शेजारी उकिडवी बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझी बोटं बारीक आहेत ना? तुझी चार म्हणजे माझी पाच होतील. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही का रे?"

फिटरला भडभडून आलं. बारीक बोटांनी उलट ट्रेलर थोडा तरी सावरला होता, जाड असती तर तिनं कुंड्या आणखी मागे नेल्या असत्या. तीन महिने ही बाई स्वतःची बोटं न्याहाळत बसली होती!

"ताई, स्प्रिंगा जुन्या होत्या," तो गाडीखालूनच म्हणाला. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मग खोक्यापासून अर्ध्या शटरपर्यंत सगळं सांगितलं.

ताईनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "बाहेर ये."

तो बाहेर आला. ती रडत नव्हती. "ह्यांना सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "माहेर म्हणून तू एकटा उरलायस मला. हे तुला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. मला झालीय सवय ऐकून घ्यायची."

आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्या वाटण्याचीच त्याला इतकी किळस आली की तो तसाच ग्रीसच्या हातांनी घरात शिरला. ताई मागून "अरे, अरे" करत राहिली.

भावोजी पेपर वाचत होते. "काय फिटरसाहेब, निघाला का हूक?"

"भावोजी, ताईची काही चूक नव्हती. मी स्प्रिंगा बदलल्याच नव्हत्या. अपघातानंतर बदलल्या, लपवायला."

भावोजींनी पेपर खाली ठेवला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, दारातल्या ताईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"आत्ताच कळलं."

"मग तू मोजली होतीस, हे तेव्हा ठासून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "हॉस्पिटलात सांगितलं, घरी सांगितलं. तुम्ही हसलात."

भावोजींचा चेहरा उतरला. मग फिटरला एवढंच म्हणाले, "तू जा आता."

फाटकापर्यंत ताई आली. "हूक राहू दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून तपासून घेईन. शनिवारी उरलेली रोपं न्यायचीत मला."

"ताई, मी येतो ना भरायला. फोन करतो शुक्रवारी."

"नको. तू करू नकोस फोन. वाटलं तर मी करेन."

तिनं फाटकाची कडी लावली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती ताठ मानेनं उभी होती, आणि त्याच्याकडे बघत नव्हती.