वाट बघू

आत्या गेली आणि खेळात मी हरलो. एवढं सांगितलं की गोष्ट संपते, म्हणून ते आपण बाजूला ठेवू. तसं काही झालेलंच नाही. आत्या ठणठणीत आहे, तिच्या पाच होड्या शाबूत आहेत आणि आत्ता तिची पाळी आहे.

खेळ बेटांचा. फोनवर, चौघांनी खेळायचा. प्रत्येकाची काही बेटं, काही होड्या, आणि दुसऱ्यांची बेटं गिळत सुटायचं. सलग बसून खेळायची गरज नाही. पाळी आली की तीन दिवसांत कधीतरी चाल करायची. तीन दिवस उलटले की बाकीच्यांच्या फोनवर एक चौकोन उगवतो. त्यात दोन बटणं: 'वाट बघू' आणि 'पुढे जाऊ'. सगळ्यांनी 'वाट बघू' दाबलं तर पाळीवाल्याला आणखी तीन दिवस. एकाने जरी 'पुढे जाऊ' दाबलं तर पाळीवाल्याची सगळी बेटं बुडतात. बुडताना बुडबुड असा आवाज येतो. खेळ बनवणाऱ्यांनी एकूण खेळापेक्षा त्या आवाजावर जास्त मेहनत घेतली असावी.

आम्ही चौघं म्हणजे आत्या, मी, एक दंतवैद्य आणि एक क्रेनवाला. शेवटच्या दोघांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. क्रेनवाला बंदरावर उंच केबिनमध्ये बसून खऱ्या जहाजांवरचे खोके उतरवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत खोट्या होड्या हलवायचा. दंतवैद्य पेशंटला भूल चढेपर्यंत चाल करायचा, त्यामुळे त्याच्या चाली थोड्या बधिर असायच्या. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. आणि आत्या, बाबांची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. आयुष्यभर तिने लोकांना "थांबा, जोडून देते" म्हणून थांबवून ठेवलं. वाट बघायला लावणं हा तिचा धंदाच होता, तेव्हा वाट बघावी कशी हेही तिनेच आम्हाला शिकवलं.

तिची शिस्त अशी, की 'पुढे जाऊ' हे बटण आपल्यासाठी नाही. ज्याच्यावर घरी संस्कार झाले नाहीत त्याने ते दाबावं. उशीर करणाऱ्याला कारण विचारायचं नाही, कारण प्रत्येकाला घर असतं, पोट असतं आणि भानगडी असतात. त्यानेही न विचारता कारण सांगत बसायचं नाही, ते विचारण्याहून वाईट. परत आल्यावर फक्त लिहायचं, "उशीर झाला." बाकीच्यांनी लिहायचं, "काही घाई नव्हती." विषय संपला. खेळात तिने स्वतःचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं. माझं तिने परस्पर 'घाईराव' ठेवलं.

मग आत्या दवाखान्यात गेली आणि तिथून पुढे गेली. (हे वर बाजूला ठेवलेलं आहे.) नेमकी तिची पाळी चालू होती. सगळं उरकून घरी आलो, फोन उघडला, तर चौकोन उगवलेला. दंतवैद्याच्या आणि क्रेनवाल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे दोघांनी 'वाट बघू' दाबून ठेवलेलं. त्यांना सांगायला हवं होतं. पण कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगणं तिला आवडलं नसतं. मीही 'वाट बघू' दाबलं. तीन दिवसांनी परत. मग परत.

एका भर दुपारी दुकानात एका काकांची हनुवटी मशीनवर टेकवलेली होती. ते खालची ओळ वाचत होते, म्हणजे अंदाजे ठोकत होते. खिशात फोन थरथरला. सावकाश यांनी चाल केली होती. खाली लिहिलं होतं, "उशीर झाला."

काका म्हणाले, शेवटचं अक्षर दिसत नाही. मी म्हटलं, मलाही.

दंतवैद्याने लिहिलं, "काही घाई नव्हती." क्रेनवाल्याने लिहिलं, "काही घाई नव्हती." माझंच राहिलं होतं. मीही लिहिलं. संस्कार म्हणजे काय असतात ते तेव्हा कळलं: अंगावर काटा उभा असताना अंगठा शहाण्यासारखा वागतो.

घरी येऊन बाबांना विचारलं, आत्याचा फोन कुठे आहे. ते म्हणाले, कपाटातल्या खणात. होता. त्यातली बॅटरी फुगली म्हणून बाबांनीच ती काढून टाकली होती. मी तो रिकामा फोन हातात घेऊन उभा राहिलो, तर बाबा म्हणाले, "नवी बॅटरी घालून कोणाला लावणार आहेस?"

"कोणाला नाही. बघत होतो."

"माझ्या बहिणीचा आहे तो. बघून झाला की ठेव जागच्या जागी."

ठेवला. फोन गार होता. खण बंद केला आणि मग कारण नसताना पुन्हा उघडून बघितला.

आता चाल. आत्याने पाचही होड्या उचलून माझ्या होड्यांभोवती लावल्या होत्या. मला जायला एकच वाट ठेवली होती, ती थेट तिच्या उरलेल्या शेवटच्या बेटावर. आणि त्या बेटावर राखणीला एकही होडी नाही. घर उघडं टाकून निघायची तिची जुनी खोड. आपल्याकडे कोण येणार आहे, असं म्हणायची. मी चाल केली असती तर तिथेच जावं लागलं असतं, आणि बुडबुड करून आत्या खेळातून बाद.

म्हणून मी चाल केली नाही. तीन दिवस उलटले. चौकोन मला दिसत नव्हता, कारण तो माझ्याबद्दल होता, पण ठिपके दिसतात. दंतवैद्य, हिरवा. क्रेनवाला, हिरवा. मग बऱ्याच वेळाने, नेहमीसारखा सगळ्यात शेवटी, सावकाश, हिरवा.

ती माझी वाट बघत होती.

सवय लागली. माझं नाव घाईराव, आणि मी पाळ्यांवर पाळ्या चुकवत बसलो, केवळ तो तिसरा ठिपका उगवताना बघायला. कोणी काही विचारलं नाही. क्रेनवाल्याने एकदा मला एकट्याला लिहिलं, "भाऊ, एक विचारू का?" आणि लगेच, "नको, राहू दे." मग दंतवैद्याचा निरोप आला, तोही फक्त मला.

"तुमच्या आत्या रोज विचारतात. आम्ही अजून त्यांना काही सांगितलेलं नाही."

मी लिहिलं, "काय सांगितलेलं नाही?"

"ते आपल्यात विचारत नाहीत. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही जिथे असाल तिथून सावकाश या."

मनात पाल चुकचुकली. मी घाईघाईने लिहायला घेतलं की अहो, मी आहे, धडधाकट आहे, आत्ता हे लिहितोय ते मीच. मग खोडून टाकलं. लिहिलं तर आत्यानेही होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा आपोआप उघडणारा दरवाजा माझ्यासाठी उघडला नाही. तो माझ्यासाठी कधीच उघडत नाही, पण त्या दिवशी मी काचेसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. शेवटी मालक आतून येऊन दार सरकवत म्हणाले, इथेच राहायचा विचार आहे का. मला इतकं बरं वाटलं की त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला.

मग खेळ चालवणाऱ्यांची सूचना आली. या पाळीची ही शेवटची मुदतवाढ. यानंतर कोणाला विचारलं जाणार नाही. चाल नाही झाली तर घाईराव यांची बेटं बुडतील.

आणि तिने लिहिलं. सगळ्यांसमोर, स्वतःची शिस्त मोडून.

"घाईराव, खेळ रे. ये सरळ बेटावर. मला उगाच ताटकळत ठेवू नकोस."

मी अंगठा होडीवर ठेवला. तिचं बेट हिरवंगार, रिकामं. दार उघडं टाकल्यासारखं. एक टिचकी, की ती सुटली असती. कदाचित तिला तेच हवं होतं. पण तिला ढकलून देणारा अंगठा माझा असणार होता, आणि उरलेलं आयुष्य त्याच अंगठ्याने मला लोकांच्या चष्म्याच्या काचा पुसायच्या होत्या. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगितली. तो वाचत असताना टेबलावरून बुडबुड ऐकू आलं. आवाज खरंच चांगला केलाय.

बुडालेल्याला लिहिता येत नाही, वाचता येतं. दंतवैद्याने आत्याला सांगितलं. फार जपून, भूल देऊन सांगावं तसं, की तुमचा भाचा बऱ्याच दिवसांपूर्वीच गेला असावा, आम्हीच बोललो नाही.

आत्याने लिहिलं, "काही घाई नव्हती त्याला."

नंतर काही लिहिलं नाही. पाळी फिरून तिच्यावर आली आणि तिचे तीन दिवस उलटत आलेत. आता चौकोन उगवेल तो फक्त दोघांच्या फोनवर. क्रेनवाला दाबेल 'वाट बघू'. दंतवैद्याचं सांगता येत नाही. बाईंना उगाच किती दिवस अडकवून ठेवायचं, असं तो हल्ली लिहू लागलाय. माझ्याकडे बटणच नाही. म्हणून खेळ चालवणाऱ्यांकडे अर्ज केला आहे, तो असा:

महोदय, अर्जदार आपल्या खेळात नियमानुसार बुडालेला असून त्याबद्दल त्याची कोणतीही तक्रार नाही. अर्जदारास बेटे, होड्या अथवा पाळी परत नको आहे. तरी अर्जदारास केवळ 'वाट बघू' हे एक बटण वापरण्याची परवानगी देण्यात यावी, आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत सावकाश यांचे घड्याळ आहे तिथेच थांबवून ठेवण्यात यावे, ही विनंती.