काबरीचा खुराक

पत्रकाचा मजकूर मीच लिहिला होता आणि त्यातली एक ओळ मीच कापली होती.

नाथाजीकाका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फलटणला परत आल्यावर त्यांनी उसाचा एक तुकडा मोडून ॲव्होकाडो लावला आणि फळं धरायला लागल्यावर शेडमध्ये गर काढायचं छोटं युनिट टाकलं. गर गोठवून पुण्याला जायचा, बिया मागे राहायच्या. मी जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करून नोकरी शोधत घरीच होते. काका म्हणाले, "संयोगिता, तुझ्या शिक्षणाचा ह्या बाठ्यांना काय उपयोग होतोय का बघ."

काम मला मनापासून आवडलं. बी चिरली की आत पांढरट असते आणि थोड्या वेळात भगवी होते. पाण्यात उकळली तर विटकरी-गुलाबी रंग उतरतो. त्यात मी एक सुती ओढणी रंगवलीसुद्धा. मग बिया सोलल्या, किसल्या, वाळवल्या, दळल्या. पूड कडवट लागायची. रात्रंदिवस शोधनिबंध वाचले. तंतू भरपूर, पॉलिफिनॉल भरपूर. पण फायद्याचे बहुतेक प्रयोग परीक्षानळीतले होते, थोडे उंदरांवरचे. माणसांवरचे हाताला लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. एका ठिकाणी असंही होतं की या झाडात पर्सिन नावाचं द्रव्य असतं. पानांत जास्त, बीमध्ये किती ते नीट मोजलेलं नाही. पण ही पानं खाल्लेल्या दुभत्या शेळ्यांची कास सुजते आणि दूध आटतं.

ही पूड गरम पाण्यातून प्यायला म्हणून विकायचं ठरलं, तेव्हा मी तिच्या पत्रकाच्या तळाशी लिहिलं, 'दुभत्या जनावरांना देऊ नये.' मग वाफाळत्या कपाचं चित्र बसेना, म्हणून ती ओळ काढून टाकली. उंदरांना फायदा झाला म्हणजे माणसांना होईल, हे मी न कचरता लिहिलं होतं. शेळ्यांना अपाय झाला म्हणजे शेळ्यांना होईल, एवढं लिहायला मात्र मला जागा पुरली नाही.

मथळा सुचत नव्हता. आमच्या घरात आजोबांपासून सगळे तालमीत गेलेले. बदाम, दूध, तूप, म्हणजे पैलवानाचा खुराक. म्हशीपुढे ठेवतो ती पेंड नाहीतर आंबोण. म्हणून मी झोकात लिहिलं, 'रोजचा खुराक : ॲव्होकाडोच्या बियांची पूड.'

सांगलीच्या शेतीप्रदर्शनात आम्ही टेबल मांडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरव्या इरकलीतली एक म्हातारी आली, चिमूटभर पूड तिनं जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"कशाचं पीठ म्हनायचं हे?"

"ॲव्होकाडोच्या बियांचं, आजी."

"आन् ह्या कागदावर काय लिवलंय?"

"रोजचा खुराक."

तिचा चेहरा एकदम खुलला. "खुराक हाय व्हय. मग आदी सांगायचं की. दूध वाढतंय का ह्यानं?"

"घरात बाळंतीण आहे का?"

"हाय की. बारा दिस झालं. दोन झाल्यात, दोनी पाटीच."

मला 'पाठोपाठ' असं ऐकू आलं. म्हणजे जुळी. "दोन्ही नीट पितात ना?"

"पित्यात, पर दुसरीला पुरत न्हाई."

"मग सुरू करा. पाजणारीला ताकद लागतेच."

"किती घालू?"

घालू. बाईला कुणी खुराक घालत नाही, देतात. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "एक चमचा. दोन घातले तरी चालतील."

दोन चालतील हे मी कुठेही वाचलं नव्हतं. एकही चालेल हे वाचलं नव्हतं. म्हातारीचं नाव धोंडुबाई, गाव कवठे महांकाळजवळ. मी तिला किलोभराची पिशवी तशीच देऊन टाकली आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

पंधरा दिवसांनी फोन आला.

"मॅडम, मी समीक्षा. धोंडुबाईंची सून. पत्रकावर नंबर होता. खुराक अजून किती दिवस घालायचा?"

"तुम्हीच घेताय ना? बाळं कशी आहेत?"

"मी कशाला घेऊ? काबरीला घालतोय, शेळीला. आत्तींनी आधी चमच्यानं घातला. दूध वाढंना म्हणून वाटीनं घालायला लागल्या. आता आहे ते पण कमी झालंय. कास दगडासारखी लागतीय. पाटींना तोंड लावू देत नाही."

पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. खुराक म्हणजे त्यांच्याकडे शेळीपुढे ठेवतात ते. सगळं एका क्षणात जागेवर बसलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. बाई नव्हती, शेळी होती. या सुटकेची मला अजून लाज वाटते. तिच्या पाठोपाठ जे तोंडातून गेलं त्याची जास्त.

"दगडी झाली असेल," मी म्हणाले. कासेच्या सुजेला लोक दगडी म्हणतात.

"ती कशानं होते?"

"धार काढताना हात स्वच्छ नसले की होते."

पुस्तकात तसंच आहे. वाक्यात चूक काढता आली नसती. तिनं विचारलं, "आणि खुराक?"

"तो सध्या बंद ठेवा. पचायला जड असतो."

पुढचे तीन दिवस मी स्वतःशी वाद घातला. बियांनीच झालं याला पुरावा काय? पर्सिनचं प्रमाण मोजलेलं नाही, शेळीला आधीपासून काही असेल, एका शेळीवरून निष्कर्ष काढता येत नाही. हे सगळं मला पत्रक लिहिताना आठवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी समीक्षाचा परत फोन. आवाज बारीक होता. "डॉक्टर येऊन गेले. दूध तपासलं, जंतू दिसत नाहीत म्हणाले. नवीन काही खायला घातलंय का विचारलं. आत्ती म्हणाल्या, न्हाई, खुराकच तेवढा. मॅडम, तुम्ही हाताचं बोलला ते मी आत्तींना सांगितलं. तेव्हापासून मला शेरडांना हात लावू देत नाहीत. वस्तीत सांगतात, सुनेच्या घाण हातानं शेळीची कास गेली. तुम्ही एवढं बोला त्यांच्याशी, की नेहमी हातानंच होतं असं नाही. तुमचं ऐकतील."

फोनवर सांगता आलं असतं. पण मला माहीत होतं, फोनवर मी पुन्हा एखादं बिनचूक वाक्य शोधेन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवडी, विटा करत, एसट्या बदलत निघाले आणि दुपारी वस्तीवर पोचले.

"आली बघा खुराकवाली," धोंडुबाई खाटेवरून उठत म्हणाली. "बस, पोरी. च्या कोरा हाय हां. बाकीच्या शेरडांचं दूध पाटींना बाटलीनं पाजतोय."

काबरी बाभळीखाली मागचे पाय फाकून उभी होती. कास ताठ, लालसर. दोन पिल्लं एकमेकींचे कान चोखत होती. समीक्षा लांब मोरीवर भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"आमची सून बारावी शिकल्याली," धोंडुबाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "पर हाताला पाणी लावायचं तेवढं शिकाय इसारली."

"आजी, तिच्या हातानं झालेलं नाही. माझ्या पुडीनं झालं असणार."

"आगं, डागदर तर तसं काय बोलला न्हाई."

"त्यांना खुराक कशाचा ते कुणी सांगितलंच नाही. या बियांनी शेळीचं दूध आटू शकतं. मला माहीत होतं."

"कवापास्नं?"

"तुम्हाला पिशवी दिली त्याच्या आधीपासून."

भांड्यांचा आवाज थांबला.

"मग लिवलं न्हाईस ते?"

"लिहिलं होतं. मग काढलं. जागा नव्हती."

"किती जागा लागती त्येला?"

"एक ओळ."

"आन् हिला फोनवर हाताचं बोललीस, ते?"

"माझ्यावर येऊ नये म्हणून."

 मला वाटलं, माझं गैरसमजाचं सांगितलं तर थोडं समजून घेईल. मी म्हणाले, "मला वाटलं तुमच्या घरात बाळंतीण आहे, जुळ्यांची. सुनेसाठी नेताय असं वाटलं. शेळीसाठी आहे हे कळलं असतं तर दिलंच नसतं."

 "म्हंजे शेरडाचं दूध आटतंय हे ठावं असून," धोंडुबाई सावकाश म्हणाली, "माज्या सुनंला खायाला दिलंस."

मी हे असं कधी मांडूनच बघितलं नव्हतं. शेळीचं शेळीपाशी, बाईचं बाईपाशी, अशा दोन वेगळ्या रकान्यांत ते माझ्या डोक्यात पडून होतं. 

धोंडुबाईनं काबरीकडे बघत विचारलं, "परत इल का दूध?"

"सूज उतरेल. या वेतात दूध पहिल्यासारखं येणं अवघड आहे. पुढच्या वेताला यावं."

ती उठली, आतून चरवी आणली आणि समीक्षाच्या पुढ्यात ठेवली. "बाकीच्या शेरडांच्या धारा तूच काढ सांच्याला."

"नको. माजं हात घाण हायत."

"आगं, मी काय मुद्दाम म्हनलं व्हय."

"चार दिस वस्तीभर सांगत फिरलासा, आत्ती."

 धोंडुबाई माझ्याकडे वळली. "ऊठ. तू सांग वस्तीला."

आम्ही तिघी निघालो. धोंडुबाई पुढे, मी मधे, समीक्षा मागे. सहा घरं होती. पहिल्या घरी मी पर्सिनपासून सुरुवात केली. तिथली बाई मध्येच म्हणाली, "म्हंजे चूक कुणाची?" दुसऱ्या घरी द्रव्याचं नाव गाळलं. चौथ्या घरापर्यंत दोन वाक्यं उरली. समीक्षाच्या हातानं काही झालेलं नाही. मला माहीत असून मी सांगितलं नाही, म्हणून झालं.

शेवटच्या घरी आप्पासो नावाचे म्हातारे जोत्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आन् माणसानं खाल्लं तर काय फायदा हाय त्येचा?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आवं, मग फायदं कुणी छापलं?"

"मीच."

ते हसले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. आम्ही वळणार तेवढ्यात वाटेत पहिल्यांदाच समीक्षा बोलली. "मॅडम, हाताचं सांगायचं राहिलं. घाण हातानं होतं असं फोनवर तुम्हीच म्हणाला होता, ते पण सांगा यांना."

मी परत फिरले आणि तेही सांगितलं.