धुतलेलं यंत्र

नीला पाटणकरांनी खंडेनवमीला आपल्याच हातानं स्वतःचं वाटोळं केलं, आणि वर त्याला हळदकुंकूही वाहिलं.

कन्नड मुलखात, आनेकलला त्यांची शेड होती. आत काचेच्या बाटल्यांतून केळीची रोपं वाढत, आणि त्यांना बारा महिने पंचवीस अंशांचा गारवा लागे. दसऱ्याच्या आधी शेजारच्या गोदामाची भिंत पावसात कोसळली, ती नेमकी गारवा देणाऱ्या यंत्रावर. खोली तापली आणि चाळीस हजार रोपं काळी पडली. आता विम्याचा दावा मंजूर झाला नाही, तर शेड बंद आणि आठ बायका घरी.

विमा कंपनीचा सर्वेक्षक सणानंतर येणार होता. फोनवर त्यानं बजावलं होतं, "काही दुरुस्त करू नका." बाईंनी दुरुस्त काहीच केलं नाही, नुसतं साफ केलं! माहेरी पुण्यात खंडेनवमीला साधा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा पुसून पाटावर मांडत. इथं तर रिक्षादेखील केळीचे खांब लावून मिरवतात. मग अकरा वर्षं जेवू घालणारं यंत्र काय मातीत लोळत ठेवायचं? विटा उचलल्या, यंत्रावरचा चेपलेला पत्रा भंगारवाल्याला दिला, यंत्र धुऊन रंगवलं, मेलेली रोपं खड्ड्यात पुरली. निदान देवाला तरी दया येईल, एवढीच वेडी आशा.

सर्वेक्षक उपेंद्र नागपूरचा, तरुण, पण स्वभावानं बरा. तो यंत्राभोवती दोनदा फिरला.

"मॅडम, हे तर शोरूमसारखं दिसतंय. डॅमेज कुठंय?"

"हो, पण भिंत पडली होती ना!"

"यंत्र भिंतीनं मोडलं की आधीच बंद होतं, कसं ठरवू? फोटो?"

फोनमध्ये फोटो होते: झेंडूच्या माळेतलं चकचकीत यंत्र. आधीचा एकही नव्हता. "रडत होते हो मी," नीलाताई म्हणाल्या. "फोटो कुठला सुचतोय?"

उपेंद्रनं कपाळ चोळलं. "पुरावा मालकानं हलवला असेल, तर क्लेम संपला. कामगारांनी परस्पर हलवला असेल, तर मला काहीतरी लिहिता येईल." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं हिंदीत विचारलं, "सफाई किसने की?"

"नाने," मागून आवाज आला. म्हणजे, मीच. मंजुळक्का, शेडमधली पहिली कामगार, पदर खोचून पुढं आली. अम्मा गावाला होत्या, त्यांना न विचारता मीच सगळं धुतलं, असं तिनं कन्नडमध्ये धडाधड सांगून टाकलं. खरं तर अम्मा, म्हणजे नीलाताई, त्या दिवशी इथंच होत्या. बादल्या त्यांनीच भरून दिल्या होत्या.

लाजेनं नीलाताईंचे कान तापले, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

कामापुरतं कन्नड समजणाऱ्या उपेंद्रनं जबाब लिहिला, अक्कानं कन्नडमध्ये सही ठोकली. मग तो नीलाताईंकडे वळून मराठीत म्हणाला, "कंपनी विचारेल, या बाईंवर काय कारवाई केली. कामावरून काढलं, असं लिहून द्या. नाहीतर हे कोणी मानणार नाही. आणि त्या इथं पुन्हा दिसायला नकोत."

अक्काला मराठी येत नव्हती; सफाईवरून अम्मा अडचणीत आल्यात, एवढंच तिला मघाशी कळलं होतं. ती मोठ्या आशेनं दोघांकडे बघत होती.

नीलाताईंनी पेन घेतलं. तारीख दोनदा खोडावी लागली.

"सरी आयता, अम्मा?" अक्कानं हळूच विचारलं. झालं ना नीट?

"सरी," नीलाताई म्हणाल्या, आणि कागदावर तिचं नाव लिहिलं.