वायरलेसच्या खोलीतलं वादळ

तिच्या नवऱ्याने सगळी नोकरी बोटींच्या कंपनीत काढली, पण बोटीवर कधी पाऊल ठेवलं नाही. साध्या होडीतून खाडीपलीकडे जायचं म्हटलं तरी तो पुलावरून वळसा घालून जायचा. धक्क्यासमोरच्या ऑफिसात बसून आल्यागेल्या मालाच्या नोंदी करायच्या, एवढंच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर तो घरात बसून तिला भांडी कशी लावायची ते शिकवायला लागला, तेव्हा तिनेच त्याला बंदरावरच्या छोट्या संग्रहालयात पिटाळलं. आलेल्यागेलेल्याला माहिती सांगायला तिथे माणूस हवाच होता. पगार नव्हता, चहा मिळायचा.

वर्ष होत आलं तरी ती स्वतः तिकडे फिरकली नव्हती. त्या दिवशी तो चष्मा घरीच विसरला, म्हणून गेली.

संग्रहालय म्हणजे पूर्वीचं दोरखंडांचं गोदाम. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटांतून जहाजांच्या प्रतिकृती, भिंतीला टेकवलेला नांगर आणि त्यावर हात लावू नये अशी पाटी. लोकांनी हात लावून लावून नांगराचं टोक गुळगुळीत केलं होतं. आतल्या खोलीत जुना वायरलेस संच मांडलेला होता. तिथूनच नवऱ्याचा आवाज येत होता, घरात कधी ऐकू न येणारा, चांगला खणखणीत.

सहलीला आलेल्या चारपाच बायका त्याच्याभोवती उभ्या होत्या. तो सांगत होता की वादळ आलं तेव्हा तो बोटीवर अशाच संचापुढे बसला होता. बोट एका अंगावर कलली, दिवे गेले, कप्तान म्हणाला, संदेश पाठवत राहा. ती दाराशीच थबकली. आधी तिला हसू आलं. मग त्याच्याऐवजी तिलाच लाज वाटायला लागली.

तेवढ्यात त्याची नजर वर गेली आणि त्याला ती दिसली, हातात चष्म्याची डबी घेऊन उभी. त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. बायका वाट बघायला लागल्या. त्याला सावरून घ्यावं म्हणून तिने परक्या माणसासारखं विचारलं, "मग बोट सुखरूप आली का?"

"नाही," तो म्हणाला. "बुडाली. कुणीच वाचलं नाही."

"मग तुम्ही कसे वाचलात?" त्यांच्यातल्या एकीने विचारलं.

त्याने विचारणारीकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. "मी बोटीवर नव्हतो," तो म्हणाला.

बायका एकमेकींकडे बघत बाहेरच्या खोलीत गेल्या. म्हातारा थापा मारत होता, असं त्यांच्यातली एक म्हणाली, तेही पुरतं बाहेर पडायच्या आत. बायकोने त्याला चष्मा दिला आणि शेजारच्या बाकावर बसली. ती काही विचारणार नाही हे लक्षात आल्यावर तोच बोलायला लागला.

बोट खरोखरच बुडाली होती. बायको तेव्हा माहेरी होती, मुलगी नुकतीच झालेली. ऑफिसात हाच सगळ्यांत लहान, आणि खलाशांचे पत्ते त्याला पाठ. साहेबांनी त्यालाच घरोघर पाठवलं. वायरलेसवाल्याच्या बायकोने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं की शेवटी ते काय करत होते. त्याला कुठे काय माहीत होतं? पण तिच्यासमोर गप्प बसवेना. म्हणून तो म्हणाला, शेवटपर्यंत संचापुढे बसून होते. ती विचारत गेली, हा सांगत गेला. दिवे कधी गेले, कप्तान काय म्हणाला, सगळं त्याने तिच्या पायरीवर बसून रचलं.

"इथे सांगता सांगता कधी मीच त्या खुर्चीत जाऊन बसलो, कळलं नाही," तो म्हणाला.

बायको माहेरहून परत आली तेव्हा त्याने फक्त ऑफिसात काम वाढलंय एवढंच सांगितलं होतं. पुढे इतक्या वर्षांत कुणाकडेही गेलं की तो दोन पावलं मागे थांबायचा, दार तिलाच वाजवावं लागायचं. त्यावरून तिने त्याला किती वेळा टोमणे मारले होते. भिडस्त आहे, दुसरं काय, असंच ती समजत आली होती.

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

"तू परत आलीस त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर तू तान्हं बाळ घेऊन दारात उभी होतीस," तो म्हणाला. "दार तूच उघडलंस."

तिने बाकी घरांबद्दल विचारलं. त्याने एकेक घर सांगितलं, मधेच थांबत, कुठे जिना होता, कुठे कुत्रं भुंकत होतं. एका घरी कुणीच नव्हतं, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. हे सांगताना त्याने चष्मा काढला.

मग एक वयस्कर गृहस्थ आत आले आणि हे यंत्र कसलं म्हणून विचारू लागले. तो उठला. संच कसा चालायचा ते त्याने नीट समजावून दिलं. पुढे काय सांगावं म्हणून क्षणभर घोटाळला.

"हे काम करणारा एकजण माझ्या ओळखीचा होता," तो म्हणाला. "बोट धक्क्याला असली की आमच्या ऑफिसात पत्ते खेळायला यायचा. हरायला लागला की पानं टाकून उठायचा."

"बिलंदर दिसतोय," गृहस्थ हसून म्हणाले.

"होताच," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं.

तिला हेही माहीत नव्हतं. घरी जायला उशीर होत होता, तरी ती बाकावरून उठली नाही.