ब्रेकवरचं झाकण

आमचे मोठे साहेब भलतेच हुशार. ब्रेक तापतो म्हणून त्यांनी त्याच्यावर झाकण घातलं! चाकाला लोखंडी डबा असतो, त्याच्यावर चामड्याचा पट्टा आवळला की मोटार थांबते. आवळला की तापणारच, आणि फार तापला की चामडं जळून धूर निघतो. तो धूर गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून हे निकेलचं चकचकीत झाकण. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

चाचणी म्हणाल तर कारखान्याच्या सपाट आवारात. एकदा ब्रेक दाबला, गाडी थांबली, साहेबांनी सही ठोकली.

"साहेब, झाकण काढा, डब्याला भोकं पाडा, हवा लागू द्या," मी म्हणालो.

"तू फिटर आहेस, फिटरच राहा."

राहिलो गप्प. ती गाडी चालवतो माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. एके दिवशी टेकडीच्या उतारावर त्याचा ब्रेक जळाला. गाडी खडीच्या ढिगात घुसवली म्हणून वाचला. बहीण रडली नाही, माझ्याशी भांडली. "दादा, तुला कळत होतं ना? मग तोंडाला काय कुलूप होतं?" झोंबलं मला. खरंच बोलली ती.

पुढच्याच सोमवारी टेकडीपलीकडच्या गिऱ्हाइकाला नवी गाडी पोचवायची होती. साहेब मागे बसले, मी हत्यारांची पेटी घेऊन मेहुण्याशेजारी. माथ्यावर पोचलो आणि साहेबांना अचानक चालायची हुक्की आली.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो पायी. प्रकृतीला बरं असतं."

जन्मात कधी जिना चढला नाही हा माणूस!

मेहुण्यानं इंजिन बंद केलं, चाकाखाली दगड लावला आणि अदबीनं म्हणाला, "चला साहेब, मीही येतो. माझीही प्रकृती जरा नाजूकच आहे."

साहेब लाल झाले. कामावरून काढीन म्हणाले. मेहुणा खुशाल रस्त्याकडेला बसला. खाली गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी साहेब पुटपुटले, "काढा ती झाकणं."

मी दोन मिनिटांत काढली. वळणावळणाला थांबत, डबा गार होऊ देत आम्ही उतरलो. पट्टा तापला, पण जळला नाही. साहेब मात्र चालतच आले.

पुढच्या महिन्यात जाहिरात छापून आली: भोकांचा हवेशीर ब्रेक, मोठ्या साहेबांचा शोध. बहीण तणतणत कागद घेऊन आली.

"असू दे गं," मी म्हणालो. "ब्रेक जळला की माणूस मरतो, हा शोध त्यांना माथ्यावर लागला. तुझ्या नवऱ्याला तो खडीच्या ढिगातच लागला होता, तेव्हा कुणी छापला नाही."