शिंप्याच्या वितीची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे, आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, त्यांचाही बसला नव्हता. मित्रांनो, मी आयुष्यात एकदाच श्वास रोखून धरला, आणि त्या एका श्वासावर एक बाई थेट समुद्रापर्यंत जाऊन पोचली.

सध्या माझा मुक्काम एका फेरीबोटीत आहे. सुकाणूमागच्या खुंटीला मी लटकलेली असते. बोट डुलली की मीही डुलते. शेजारच्या फळीवर एक इस्त्री आहे आणि एक ॲल्युमिनियमचा डबा. इस्त्री जड स्वभावाची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. डबा मात्र मधूनमधून खडखडतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो रिकामा आहे.

माझं कापड म्हणजे एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीतल्या ढकलगाडीचं कॅनव्हास. गाडी मोडीत निघाली, कापड धडधाकट राहिलं. ते एका इस्त्रीवाल्या बाईने मागून घेतलं. या बाईने तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट कडक केले होते. उंचीने दाराच्या चौकटीला टेकणारी, आणि हाताचा पंजा असा की उशीचा अभ्रा एका फटक्यात सपाट व्हावा. या पंजाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत तिथेच आहे.

बाईंना एकच मुलगी. आठ वर्षांची असताना ती लाँड्रीच्या टाकीत साबणाची खोकी सोडायची आणि ओरडायची, "बाजूला व्हा, माझी बोट येतेय!" तेव्हा बाईंनी तिला शब्द दिला होता, "तू खरी बोट चालवशील ना, तेव्हा पहिल्या फेरीला पहिली पायरी मी चढणार." लेक मोठी झाली, दूरच्या बंदरात नोकरीला लागली, दोर ओढता ओढता परीक्षा देत राहिली. आणि एक दिवस तिचा फोन आला.

"आई, पुढच्या महिन्यात गुरुवारची अकराची फेरी माझी. कप्तान म्हणून!"

"मग मी येते."

"अगं, एवढ्या लांब? किती खर्च होईल! मी फोटो पाठवते ना."

"फोटोला पायरी चढता येते का?"

"आई, हट्ट नको करूस. नंतर निवांत ये."

"बरं," बाई म्हणाल्या. मित्रांनो, त्यांच्या 'बरं'चा अर्थ उभ्या इस्पितळाला ठाऊक होता. फक्त लेकीला नव्हता.

आता जायचं कसं? इस्पितळात एक ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर होते. अर्धं जग फिरून आलेले, आणि तेही असं की खिशाला पत्ता लागू नये. सगळे त्यांना फुकटमामा म्हणायचे, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"ताई," फुकटमामा म्हणाले, "प्रवासात पैसा तीन भोकांतून गळतो. सामान, पोट आणि घाई. तुम्ही बुधवारी सकाळचं विमान धरा. शुक्रवारी सगळं जग निघतं, बुधवारी कुणी निघत नाही, म्हणून तिकीट पडेल भावात मिळतं. पण सामानाचे ते लोक वेगळे पैसे घेतात, आणि ते तिकिटापेक्षा जास्त! सीटखाली मावेल तेवढी एकच पिशवी फुकट."

"केवढी?"

मामांनी माप सांगितलं. बाईंनी लाँड्रीतला टेप लावून ते टेबलावर आखलं, वर स्वतःचा पंजा ठेवला आणि पाठ करून टाकलं. अडीच वीत लांब, दीड वीत उंच, एक वीत खोल. मग कापड घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडे गेल्या.

हा शिंपी हाताचा मोठा सफाईदार, पण तो हात एवढासा! अंगठी घालायची तर ती बाहुलीच्या बोटातून काढून आणावी लागेल. त्याने विचारलं, "टेपने घेऊ का माप?"

"काही गरज नाही. वितीत सांगते, पाठ आहे मला." बाईंनी सांगितलं. त्याने खडूने कापडावर लिहून घेतलं आणि आपली वीत पसरून कात्री चालवली.

अशी मी जन्माला आले. दुहेरी शिवण, सात खिसे, मोडक्या ट्रकच्या सीटबेल्टचे पट्टे. मंगळवारी संध्याकाळी बाई मला न्यायला आल्या आणि त्यांनी मला दोन बोटांनी उचलून धरलं.

"अहो, ही काय पिशवी आहे? बाळाचं अंगडं शिवलंत!"

"अडीच वीत म्हणालात. मोजून घ्या."

बाईंनी पंजा ठेवला. दोनच वीत भरली. शिंप्याने आपला पंजा ठेवला. बरोब्बर अडीच.

"वीत म्हणजे माझी वीत!" बाई कडाडल्या.

"ते तुम्ही कुठे म्हणालात? आणि माझी वीत काय उसनी आणलेली आहे?"

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. मग बाईंना हसू फुटलं, शिंप्यालाही फुटलं. पण हसून पिशवी मोठी होत नाही. विमान सकाळी होतं.

त्या संध्याकाळी जे सामान माझ्यात भरलं गेलं, ते भरायला दुसरं कुणी बसलं असतं तर त्याला ट्रक लागला असता. बाईंनी एक जोड अंगावर ठेवला आणि एकच जोड आत टाकला. आज घालायचा, रात्री धुवायचा, सकाळी दुसरा. कपड्यांच्या घड्या घातल्या नाहीत, घट्ट गुंडाळ्या केल्या. मोजे पेल्यात कोंबले. जड बूट आणि कोट अंगावर चढवले, कारण अंगावरच्या कपड्यांना कुणी वजनकाटा लावत नाही. रिकामी बाटली घेतली, पाणी पलीकडे गेल्यावर फुकट भरता येतं. डब्यात उकडलेली अंडी, पाव आणि सफरचंद. आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांनी आपली इस्त्री ठेवली.

शेजारी धाकटी जाऊ राहायची. ती दारात उभी राहून हे बघत होती.

"जाऊबाई, इस्त्री? तिकडे काय माणसं चुरगळलेलीच हिंडतात?"

"हिंडेनात का. कप्तान म्हणून पहिल्या दिवशी माझी लेक तशी हिंडणार नाही. तिला इस्त्री धरता येत नाही, जन्मभर माझ्या जिवावर कडक राहिली."

सकाळी विमानतळावर आमच्यापुढे रांग उभी. रांगेच्या टोकाला एक लोखंडी चौकट आणि चौकटीपाशी गणवेशातली एक मुलगी. तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, "एक तारखेपासून चौकट लहान झाली आहे, माफ करा."

मित्रांनो, काय हाहाकार उडाला म्हणून सांगू! ज्याने त्याने जुन्या मापाच्या बॅगा आणलेल्या. एकाने चार सदरे एकावर एक घातले आणि त्याचे हात खाली येईनात. एक आजोबा बॅगेची समजूत काढत होते. आमच्यापुढे चाकांच्या बॅगेचे एक गृहस्थ होते. मघापासून ते मला बघून हसत होते.

"मावशी, ही पिशवी आहे का पायमोजा?"

बाईंनी कोटाच्या खिशातले पैसे चाचपले. त्यांच्याजवळ पुढच्या बसपुरते आणि एका मुक्कामापुरते पैसे होते. इथे जास्तीचे भरले असते तर उतरल्यावर बंदरापर्यंत पायी जायची वेळ, आणि पायी गेलं तर अकराची फेरी कसली, पुढच्या आठवड्याची गाठावी लागली असती.

गृहस्थांची बॅग अडकली. त्यांनी पैसे मोजले, तोंड वाकडं केलं आणि तमाशा बघायला बाजूला उभे राहिले.

मुलीने मला हातात उचलून पाहिलं. "मावशी, आत काय आहे हो? दगड?"

"इस्त्री."

"प्रवासाला?"

"प्रवासाला नाही. लेकीला."

"मापात नाही बसली तर ती काढून ठेवावी लागेल हं."

"मग मलाही काढून ठेव. आम्ही दोघी एकत्रच जाणार."

आणि मित्रांनो, मी श्वास रोखला. सातही खिसे आत ओढले, पट्टे पोटाशी घेतले आणि त्या चौकटीत अशी अलगद उतरले, जसं पत्र पेटीत पडावं. चारी बाजूंनी चार चार बोटं जागा उरली. मुलीने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ओरडली, "बसली!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी तर टोपी उडवली. चाकवाल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "मावशी, ही कुठून घेतलीत?"

"शिंप्याकडून," बाई म्हणाल्या. "हात लहान आहेत त्याचे."

पुढचा प्रवास म्हणजे विजययात्राच. उतरल्यावर टॅक्सीवाले धावून आले. बाईंनी त्यांना ओलांडून तिथे झाडू मारणाऱ्या बाईला गाठलं आणि विचारलं, "तुम्ही घरी कुठल्या बसने जाता?" त्याच बसने आम्ही शहरात गेलो, तेही तिच्या शेजारी बसून. भूक लागली तेव्हा बाईंनी पाटी वाचली नाही. बसचे ड्रायव्हर कुठे जेवतात ते पाहिलं. मुक्कामाला तिथल्या इस्पितळाचं नर्स-वसतिगृह शोधलं आणि आपलं लाँड्रीचं ओळखपत्र दाखवलं. मेट्रनबाईंनी खोली दिली. सकाळी आम्ही निघालो तेव्हा वसतिगृहाचे सगळे पडदे कडक झालेले होते आणि मेट्रनबाई खोलीचं भाडं घ्यायला तयार नव्हत्या.

गुरुवारी नऊ वाजता आम्ही धक्क्यावर पोचलो. खलाशांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत लेक पांढरा सदरा टेबलावर पसरून ओल्या हाताने सुरकुत्या दाबत होती. दाबेल तशा त्या वाढत होत्या, आणि ती रडकुंडीला आली होती.

"हात काढ," बाई दारातून म्हणाल्या. "कॉलर आधी करतात."

लेकीने वर पाहिलं. "आई? तू? अगं, तू 'बरं' म्हणाली होतीस!"

"हो. बरं, येते म्हणाले होते."

लेक हसली आणि रडली, आणि दोन्ही एकदम केल्यामुळे तिला उचकी लागली. बाईंनी माझी चेन उघडली, इस्त्री काढली, प्लग लावला. दहा मिनिटांत त्या सदऱ्याची बाही अशी झाली की तिच्या धारेवर सफरचंद कापावं. कापलंही. मी पाहिलं आहे.

अकराला पाच कमी असताना धक्क्यावरची साखळी निघाली. शंभर माणसं उभी होती. सगळ्यांच्या पुढे एक उंच बाई, पाठीवर मी. बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि भोंग्यातून आवाज आला, "नमस्कार, मी तुमची कप्तान बोलतेय. पहिली पायरी चढलेल्या बाई माझ्या आई आहेत. त्यांनी तिकीट काढलेलं आहे, कुणी विचारू नका. त्या रागावतात."

असा माझा पहिला प्रवास. तिकडे फुकटमामांनी ही कथा गावभर केली आणि शिंप्याच्या दारात रांग लागली. त्याने पाटी लावली, 'येथे चुकीच्या मापाच्या पिशव्या शिवून मिळतील.' एकदा कुणीतरी त्याला नीट मापाची पिशवी मागितली, तर म्हणे त्याने त्या माणसाला बाहेर काढलं.

तो धरून आजवर मी एकेचाळीस प्रवास केले. उशी झाले, पाट झाले, पावसात टोपी झाले. एकदा समुद्रात वारा पडला तेव्हा मला शिडासारखं धरून बोट किनाऱ्याला आणली. बोटीला इंजिन होतं हा भाग वेगळा. मधली दोन वर्षं वाईट गेली. लेकीने आईला हौसेने चाकांची बॅग घेऊन दिली आणि मी पलंगाखाली गेले. तिथे माझ्यात एका उंदराने संसार मांडला. पण बॅगेचं एक चाक दगडी रस्त्यावर निखळलं, आणि बाईंनी वाकून पलंगाखाली हात घातला. "ये गं बाई," म्हणाल्या, "तुझ्यासारखी तूच." उंदराला दुसरी जागा बघावी लागली.

आता बाई निवृत्त होऊन लेकीजवळ राहतात, म्हणून मीही इथे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी पलंगाखाली माझी एखादी बहीण असेल. तिला बाहेर काढा. चेन अडली तर ओढू नका, तिच्यावर मेणबत्ती घासा. ओली झाली तर सावलीत उलटी टांगा. शिवण उसवली तर एका टाक्याची असतानाच टाका घाला. आणि जाल तिथे थोडं सामान न्या. हात मोकळे असले की माणूस कुणाचाही हात धरू शकतो.

आणि माझ्याकडून शिका. एकेचाळीस प्रवासांत मला कुणी कोंबलं नाही, दाबलं नाही. त्या चौकटीतसुद्धा मी आपणहून, श्वास रोखून, चार बोटं जागा ठेवून अलगद...

इतक्यात बोटीने वळण घेतलं. फळीवरचा डबा घरंगळला, खणकन खाली पडला आणि सगळ्या केबिनला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला:

"खोटं! साफ खोटं! गुडघा दिला होता बाईंनी, अख्खा गुडघा! इस्त्री माझ्या पाठीत घुसली होती. हा पोचा बघा, अजून आहे!"