विलायतेपेक्षा दोन रुपये कमी

चाकण

साडेअकराची पुण्याची गाडी सुटायला पाच मिनिटं होती, आणि मालोजी ड्रायव्हर नेहमीपेक्षा ताठ बसला होता.

आठ दिवसांत चाकणच्या पेठेत एकच गोष्ट झाली होती. मालोजीला विलायतेतल्या ड्रायव्हरएवढा पगार आहे. न्हाव्याच्या दुकानात ती सांगून झाली, चावडीवर झाली, आणि ज्या थोरल्या भावाने 'लोकाची गाडी हाकतोस, त्यापरीस घरचा नांगर धर' म्हणून वर्षानुवर्षं टोमणे मारले होते, त्या धर्माजीच्या ताटासमोर बसून तर दोनदा झाली.

गोष्ट खोटी नव्हती. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला हॅरिस नावाचा गोरा इंजिनियर दर शनिवारी कासारवाडीच्या फाट्यावर गाडीत चढायचा. त्याचा सख्खा भाऊ लंडनमध्ये बस चालवतो, हे मालोजीने लढाईत लॉरीवर असताना शिकलेल्या इंग्रजीतून काढून घेतलं होतं. पगार किती? नऊ पौंड. मागे बसलेल्या रंगराव कारकुनाने तिथल्या तिथे हिशोब केला. पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. बरोबर एकशेवीस रुपये.

मालोजीला भत्ता धरून एकशे अठरा मिळत होते.

"दोन रुपयांनी विलायत पुढं," तो म्हणाला होता. "तेवढी असू द्या. त्यांनी राज्य सोडलंय."

इंद्रायणीचा उतार

इथे समोरून बैलगाड्या येतात. खिल्लारी बैल, इंजिनाची घरघर ऐकली की बुजणारे. नवे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात आणि बैलगाडी बैलांसकट खड्ड्यात जाते. मालोजी हॉर्नला हात लावत नाही. लांबूनच वेग मोडतो, इंजिन बंद करतो, ब्रेकवर पाय ठेवून गाडी नुसती घरंगळू देतो. सबंध बस बैलांच्या नाकासमोरून मांजरासारखी जाते. गाडीवान हात वर करतो. मालोजी मान हलवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मोशी

दत्तोबा चढला. तोही ड्रायव्हर, त्याच डेपोतला, आज सुट्टीवर. हातात कागदाची सुरळी.

"मालोजीराव, आज शेवटचा दिवस. दुपारी दोनपर्यंत अर्ज पुण्याला डेपोच्या साहेबांच्या टेबलावर पडला पाहिजे."

पगारवाढीचा अर्ज. खाली बारा जणांच्या सह्या होत्या आणि वरची पहिली ओळ कोरी. पहिली सही सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरची, असा डेपोतला रिवाज. त्या ओळीशिवाय अर्ज गेला तर साहेब पहिलं हेच विचारणार, की मालोजीला का नको झालं?

"न्हाई म्हनलं ना," मालोजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "विलायतेच्या बरोबरीला बसलेला मानूस हात पसरत न्हाई."

"माझ्या घरी सात तोंडं आहेत हो."

"लंडनवाल्यालाबी असतील."

टोपलीवर हात ठेवून बसलेली गोजाबाई माळीण हसली. "घ्या! आता ह्यो लंडनच्या पोरांचीबी काळजी करायला लागला."

कासारवाडी फाटा

हॅरिस चढला. ड्रायव्हरच्या मागचं बाक त्याला रिकामं ठेवलेलं असे.

मालोजीला राहवेना. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "साहेब! युअर ब्रदर, माय पे, सेम! वन मंथ, सेम!"

साहेबाने भुवया उंचावल्या. "मंथ?" मग मान हलवली. "नो, नो. नाइन पाउंड्स अ वीक."

रंगरावाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय म्हणतो?" गोजाबाईने विचारलं.

"आठवड्याला," रंगराव हळूच म्हणाला. "तिकडे पगार आठवड्याला वाटतात. म्हणजे महिन्याचे... पाचशेवीस."

थांबा नाही

गाडी चालत राहिली.

मालोजीचे कान लाल झाले होते, ते मागच्या बाकांवरून दिसत होतं. पगार म्हणजे महिन्याचा. त्याच्या बापजाद्यांपासून चाकरीला दुसरं माप नव्हतं. आठवड्याला काय येतं? बाजार येतो.

चावडी. न्हाव्याचं दुकान. धर्माजीचं ताट. तीनही ठिकाणी आता परत जायचं होतं.

आणि दत्तोबा गप्प होता. टोचून बोलायची संधी आयती चालून आली होती, पण तो फक्त सुरळी घट्ट धरून बसला होता. तेच मालोजीला जास्त लागलं.

दापोडी

पुलाअलीकडे गाडी बाजूला उभी राहिली. मालोजी बाकांकडे तोंड करून उभा राहिला.

"मंडळी, ऐका. आठ दिस म्या तुमाला चुकीचं सांगितलं. त्यो आठवड्याला घेतो ते म्या महिन्याला घेतो. कुनी दुसऱ्यानं सांगन्यापरीस मीच सांगतो."

"मंग चौपट काम करत आसंल त्यो," गोजाबाई म्हणाली.

मालोजी साहेबाकडे वळला. "साहेब. लंडन रोड. बुलक?"

"बुलक्स? गुड लॉर्ड, नो."

"न्हाईत बैल," मालोजी म्हणाला, आणि त्याची पाठ पुन्हा ताठ झाली. "दत्तोबा, आन तो कागद. रंगराव, तुमी लिहा. माझं अक्षर डेपोच्या साहेबाला लागायचं न्हाई."

बारा सह्यांखाली रंगरावाने लिहिलं, मालोजीने सांगितलं तसं:

लंडनचा ड्रायव्हर आठवड्याला नऊ पौंड घेतो. त्याच्या वाटेत बैल नाहीत. आमच्या वाटेत आहेत आणि अकरा वर्षांत माझ्या गाडीने एकही बैल बुजलेला नाही. आम्ही लंडनचा पगार मागत नाही. लंडनहून अवघड काम करतो, ते धरून पगार ठरवा.

"हात पसरल्यासारखं वाटतंय का कुटं?" मालोजीने विचारलं.

"नाही," दत्तोबा म्हणाला. "दम दिल्यासारखं वाटतंय."

"मंग ऱ्हाऊ द्या."

आकड्यापुढे हॅरिसने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून दिलं, भावाच्या नावासकट. मग मालोजीने स्टिअरिंगवर कागद ठेवला आणि कोऱ्या पहिल्या ओळीवर सही केली. लपेटदार, पूर्ण नावाची, बापाच्या नावासह.

पुणे स्टेशन

एक वाजून दहा. दत्तोबाने सुरळीसाठी हात पुढे केला.

"तू न्हाई," मालोजी म्हणाला. "पहिलं नाव माझं हाय. मीच नेतो."

त्याने आरशात बघून टोपी सारखी केली.

"आन् सांजच्याला चाकनला?" टोपली डोक्यावर घेता घेता गोजाबाईने विचारलं. "थोरल्याला काय सांगनार?"

"सांगीन," मालोजी उतरता उतरता म्हणाला, "लंडनचा ड्रायव्हर इंद्रायणीच्या उताराला आन म्हनावं, बैलांम्होरं. मंग बोल."